मागचं दार

हॅवरबीच्या खासदार फिलिपा रोसिंग्टन यांच्या ऑफिसात टपाल उघडायचं काम ग्लेनिसचं होतं. ऑफिस म्हणजे बेकरी आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत ग्लेनिसचं टेबल, चहाची किटली आणि टेबलाखाली एक लाल बटण. ते दाबलं की थेट पोलीस ठाण्यात घंटा वाजायची. उत्तरेकडच्या एका खासदार बाईंना मतदारांना भेटायला निघालेल्या असताना भर दिवसा रस्त्यात ठार मारलं होतं, त्यानंतर हे बटण बसवलं. तीन वर्षं होत आली त्याला. ग्लेनिसचा गुडघा एकदा चुकून त्या बटणाला लागला होता आणि चार मिनिटांत दोन पोलीस धापा टाकत दारात उभे राहिले होते. तेव्हा सगळे हसले होते. हल्ली ती गुडघे जपून ठेवायची.

मार्चचा अठरावा दिवस होता. देशानं युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरलं होतं, तारीखही ठरली होती, आणि त्या तारखेला अकरा दिवस उरले होते. पण बाहेर पडायचं कसं, हे काही ठरत नव्हतं. पंतप्रधानांनी आणलेल्या कराराला संसद दोनदा नाही म्हणाली होती. कराराशिवाय बाहेर पडायलाही नाही म्हणाली. होय मात्र कशालाच म्हणत नव्हती. हॅवरबी हे मासेमारीचं गाव. इथल्या दहातल्या सात जणांनी बाहेर पडा म्हणून मत दिलेलं, आणि फिलिपानं दोन्ही वेळा कराराच्या विरोधात मत टाकलेलं. गाव तिच्यावर नुसतं खवळलं होतं.

टपालाचे तीन गठ्ठे व्हायचे. एक घर, पेन्शन, गळकी छपरं यांच्या तक्रारींचा. दुसरा शिव्यांचा, पण सह्या करून, पत्ता घालून दिलेल्या शिव्यांचा. त्यांना उत्तरं जायची. तिसरा गठ्ठा निळ्या फायलीत, पोलिसांसाठी. तो हातमोजे घालून हाताळायचा. जानेवारीपर्यंत त्या फायलीत आठवड्याला एखादं पत्र पडायचं. आता रोज पडत होतं.

त्या सोमवारी तिनं सातवं पाकीट फोडलं. आतला कागद रेघांच्या वहीतून फाडलेला होता. मजकूर निळ्या पेनानं, सगळा मोठ्या सुट्या अक्षरांत.

"आम्ही तुला निवडून दिलं आणि तू आम्हाला विकलंस. आता चर्च हॉलच्या मागच्या दारानं पळतेस, कचऱ्याच्या डब्यांमागून, करड्या गाडीत बसून. आम्हाला सगळं माहीत आहे. शुक्रवारी आम्हीही तिथे असू. त्या दुसरीचं काय झालं ते आठव."

ग्लेनिसनं ते एकदा वाचलं. मग मजकूर सोडून ती नुसती अक्षरंच बघत बसली. आर या अक्षराचा पुढचा पाय ओळीखाली उतरला होता, कुणाला लाथ मारावी तसा. प्रत्येक आर तसाच.

तिचा धाकटा भाऊ नेव्हिल, घरचा नेव, डावखुरा होता. शाळेत मास्तरीण त्याचा डावा हात पट्ट्यानं खुर्चीला बांधायची. तो सात वर्षांचा होईतो त्याला धड लिहिता येईना, तेव्हा अकरा वर्षांच्या ग्लेनिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला उजव्या हातानं अक्षरं गिरवायला शिकवली. सगळी जमली, आर काही जमला नाही. "असू दे," ती म्हणाली होती, "त्याला लाथ मारू दे."

आणि मागच्या दाराची गोष्ट. शुक्रवारची मतदारांना भेटायची सभा चर्च हॉलमध्ये व्हायची, आणि ती संपली की फिलिपा मागच्या दारानं निघायची. ती पोलिसांना ठाऊक होती, फिलिपाला ठाऊक होती आणि ग्लेनिसला. चौथा माणूस नेव. आदल्याच्या आदल्या रविवारी तो तिच्याकडे जेवायला आला होता. भाजलेलं मटण वाढता वाढता तीच म्हणाली होती, "बाईंची काय दशा झालीये माहितीये? सभा संपली की डब्यांमागून बाहेर पडते बिचारी. उंदरासारखी. आणि ती करडी गाडी इतकी जवळ लावतात की दार पुरतं उघडत नाही." तो खूप हसला होता. तिलाही आपण मजेशीर बोललो असं वाटलं होतं.

निळी फाईल समोर उघडी होती. ग्लेनिसनं हातमोजे काढले, पत्राची घडी घातली आणि ते स्वतःच्या पिशवीत, चष्म्याच्या घराखाली ठेवलं. मग ती उठून दाराला कडी लावून आली. असं तिनं चार वर्षांत कधी केलं नव्हतं.

तीन वाजता ऑफिस बंद करून ती नेवच्या घरी गेली. तो गोदीमागच्या गल्लीत एकटा राहायचा. सोळाव्या वर्षी बोटीवर गेलेला माणूस. युरोपीय संघानं ठरवलेला मासेमारीचा कोटा कमी झाला, सरकारी योजनेत बोट मोडीत निघाली, तेव्हा तो धक्क्यावर उभा राहून ती फोडताना बघत होता. त्यानंतर शीतगृहात कामाला लागला, पाठ गेली, बायको गेली. मुलगी लांब, नाताळला फोन करायची. टीव्ही मात्र सकाळपासून चालू असायचा, आणि त्यावर संसद.

"ये ये, सरकारी बाई," तो म्हणाला. "चहा टाकू, की तुला पंतप्रधानांची परवानगी लागते?"

"टाक."

"बघ यांच्याकडे." त्यानं टीव्हीकडे हनुवटी केली. "साडेसहाशे जणं. एका नावेत बसवली तर किनाऱ्यापासून दहा हातांवर बुडवतील."

ग्लेनिसनं कोट काढला नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. खिडकीपाशी रेघांची वही होती आणि तिच्यावर निळं पेन.

"नेव, तू पत्र पाठवलंस."

त्याचा हात किटलीवर थांबला. "कसलं पत्र?"

"मला कसलं म्हणून विचारू नकोस."

"बरं, पाठवलं. मग?" तो वळला. "लोकशाही आहे ना? तिनं लोकांचं ऐकायचं असतं. ती पत्र वाचेल, तिची जरा टरकेल, बास. असली शंभर येत असतील."

"ती नाही वाचत. मी वाचते. टपाल मी उघडते, नेव. चार वर्षं मीच उघडतेय."

हे त्याच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या तोंडावरून ते साफ दिसलं. तो खुर्चीत बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, शाळेत बसायचा तसा.

"तू घाबरलीस?" त्यानं विचारलं.

"नाही तर काय, मला हसू आलं असेल?"

टीव्हीवर कुणीतरी ओरडत होतं, बाकीचे हुर्यो करत होते. मग नेव खाली बघून म्हणाला, "तू शुक्रवारी घरी थांब, ग्लेन."

"का?"

"थांब म्हणतोय ना. सर्दी झालीये म्हणून सांग."

"नेव, शुक्रवारी काय आहे?"

"काही नाही. होणार काही नाहीये. नुसती बडबड असते ती."

मग एकेक करत बाहेर आलं. फोनवर एक ग्रुप होता. दोनशेच्या वर माणसं, गावातली थोडी, बाहेरची जास्त. खरी नावं कुणाचीच नाहीत. नेव रात्रंदिवस त्यात लिहायचा आणि लोक त्याला शाबासकी द्यायचे. बोटीवरून उतरल्यावर त्याला शाबासकी देणारे तेच पहिले. मागच्या दाराची गोष्ट त्यानं तिथे घातली होती, आपल्याला आतली बातमी आहे हे दाखवायला. त्यावर एकानं वेगळा निरोप पाठवून विचारलं, गाडी कुठल्या रंगाची. नेवनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, गाडी कुठल्या बाजूला तोंड करून लावतात.

"तेही सांगितलंस?"

"मला काय माहीत? मी अंदाजानं सांगितलं."

"कोण आहे तो?"

"मला नाही माहीत, ग्लेन. आईशप्पथ नाही माहीत." त्याचा आवाज बारीक झाला होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा नुसता रागावलेला नाही, हाही घाबरलाय, आणि त्यामुळे ती जास्तच घाबरली.

शेवटी नेवनं सांगितलं, मी आत्ता ग्रुपवर लिहितो की बाई शुक्रवारी येणारच नाहीत, सभा रद्द झालीये. तिच्यासमोर त्यानं ते लिहिलंही. ग्लेनिसनं फोन हातात घेऊन दोनदा वाचलं. मग ती घरी गेली. मिटलं, असं स्वतःला सांगत गेली. पत्र मात्र तिनं पिशवीतून काढलं नाही.

मंगळवार गेला. ऑफिसाच्या काचेपलीकडे कुणी माणूस जरा रेंगाळला की ग्लेनिसचा हात टेबलाखाली जायचा. एक म्हातारा खरोखरच आत आला. त्याला फक्त बसपासाचा अर्ज हवा होता. तो द्यायला तिनं एकच खण तीनदा उघडून बंद केला, तेव्हा म्हाताऱ्यानंच तिला विचारलं, "बाई, पाणी देऊ का?"

बुधवारी संध्याकाळी पंतप्रधान टीव्हीवर बोलल्या. जनता या सगळ्याला कंटाळलीये, खासदारांनी आता निर्णय घ्यावा, मी जनतेच्या बाजूची आहे, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. ग्लेनिस ताट मांडीवर घेऊन ऐकत होती. तिला वाटलं, हे ऐकून लोक आणखी भडकतील, आता त्यांना कुणी आवरणार नाही. नऊच्या आत फोन वाजला.

"ते ऐकत नाहीत," नेव म्हणाला. "बाईंनी म्हणे आजच स्वतः जाहीर केलंय, शुक्रवारी येणार म्हणून. मी खोटं बोललो असं धरलंय त्यांनी. मला काढून टाकलं ग्रुपमधून."

"आता तुला काहीच दिसत नाही?"

"काही नाही."

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ग्लेन, तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

तिनं फोन ठेवला. उत्तर दिलं असतं तर खोटं द्यावं लागलं असतं.

गुरुवारी दुपारी फिलिपा लंडनहून आली. तिला स्टेशनवरून आणायला ग्लेनिसच जायची, त्याच करड्या गाडीतून. फिलिपा पन्नाशीची, उंच, पूर्वी शाळेत गणित शिकवणारी. आठवडाभर झोप न मिळाल्यासारखी दिसत होती. बसताच तिनं बूट काढले.

"काल संसदेच्या लॉबीत एका सहकाऱ्याला रडताना पाहिलं," ती म्हणाली. "आमच्यात पटत नाही. पण मीच त्याला रुमाल दिला. आता तो माझ्या बाजूनं मत देईल असं नाही हां. रुमालही परत केला नाही त्यानं."

ग्लेनिसनं किल्ली फिरवली नाही. स्टेशनबाहेर गाड्या उभ्या होत्या, माणसं बॅगा ओढत चालली होती.

"फिलिपा, तुम्हाला एक सांगायचंय. माझ्या पिशवीत एक पत्र आहे. सोमवारपासून आहे."

तिनं ते काढून दिलं. फिलिपानं वाचलं. ग्लेनिस समोरच्या काचेकडे बघून बोलत राहिली. अक्षर कुणाचं ते, ग्रुपचं, रंग विचारणाऱ्या माणसाचं. मधे थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"मागच्या दाराचं त्याला कुणी सांगितलं?" फिलिपानं विचारलं.

"मी. जेवताना. गंमत म्हणून."

फिलिपानं आधी आपल्या बाजूचं दार आतून लॉक केलं, मग ग्लेनिसच्या अंगावरून हात नेऊन तिच्या बाजूचंही. मग वळून मागच्या काचेतून सगळीकडे एकेक गाडी बघून घेतली.

"उद्या रोझी यायची होती माझ्याबरोबर," ती म्हणाली. रोझी तिची मुलगी, चौदा वर्षांची. "शाळेचा प्रकल्प आहे. आई काय काम करते. आपण त्याच दारानं बाहेर पडणार होतो."

"मला माहीत नव्हतं."

"नाही. पण बाकीचं सोमवारपासून माहीत होतं."

पोलीस ठाण्यात सार्जंट मोफॅट म्हणून एक बाई होत्या, खासदारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या. त्यांनी पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि ग्लेनिसला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी ग्लेनिसनं विचारलं, "मी त्याला आधी फोन करून सांगू का? तो पळणार नाही. नुसतं कळवते."

"नाही," सार्जंट म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही इथेच बसा. चहा मागवते."

पोलीस नेवच्या घरी गेले तेव्हा त्याला वाटलं ग्लेनिसच आलीये. दार उघडता उघडता तो म्हणाला होता, "कोट काढ तरी आज." हे त्यानंच तिला पुढे सांगितलं.

शुक्रवारी सभा चर्च हॉलऐवजी वाचनालयात झाली. जागा बदलल्याची पाटी हॉलवर लावली नाही. पोलिसांनीच तसं सांगितलं होतं. करड्या गाडीसारखी दुसरी गाडी डब्यांपाशी उभी केली आणि आत साध्या कपड्यांतले दोघं बसले. ग्लेनिस ठाण्यातल्या बाकावर बसून होती. घरी जायची तिची हिंमत होत नव्हती. अडीच वाजता सार्जंट मोफॅटच्या फोनवर निरोप आला आणि त्या धावतच बाहेर पडल्या. कुणी तिला काही सांगितलं नाही. पाऊण तास ती समोरच्या भिंतीवरची हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात वाचत राहिली. फिलिपा वाचनालयात आहे, तिला काही झालेलं नाही, हे मनाशी म्हणायची आणि पुन्हा कुत्र्याचं वर्णन वाचायची.

चाळीस मैलांवरून आलेला एक माणूस पकडला होता. पन्नाशीचा, नीट दाढी केलेला. डब्यांच्या आडोशाला उभा होता. पिशवीत हातोडा आणि जाड दोरी. मी सुतार आहे, कामाला आलोय, असं तो म्हणाला. सुतार तो खरंच होता. पण हॅवरबीत त्याला कुणीही कामाला बोलावलं नव्हतं, आणि त्याच्या फोनमध्ये, नेवनं अंदाजानं सांगितलेल्या बाजूला तोंड करून उभ्या गाडीचं चित्र काढून ठेवलेलं होतं.

पुढे त्या सुताराला तुरुंग झाला. नेवनं फोन उघडून दिला, सगळं कबूल केलं, म्हणून त्याची शिक्षा स्थगित ठेवली. फिलिपाच्या आसपास फिरकायचं नाही, अशी अट घातली. पण ते सगळं उन्हाळ्यातलं. त्याआधीच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फिलिपानं ग्लेनिसला आतल्या खोलीत बोलावलं.

"मला राग नाही असं म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "तू बोललीस म्हणून मी जिवंत आहे, हेही मला कळतं. दोन्ही एकदम डोक्यात मावत नाहीयेत. तू इथे काम नाही करू शकत, ग्लेनिस."

"मी राजीनामा लिहून आणलाय."

"हो, मला वाटलंच." फिलिपानं तो घेतला, न वाचता ठेवला. "भावाचं नाव सांगणं मला जमलं असतं की नाही, मला माहीत नाही."

ग्लेनिस दारापर्यंत गेली तेव्हा फिलिपानं विचारलं, "कसा आहे तो?"

"घाबरलाय," ग्लेनिस म्हणाली.

ते खरंच होतं. नेव जामिनावर घरी आला होता. ग्रुपमधल्या लोकांना सुतार पकडला गेल्याचं कळलं होतं आणि कुणामुळे ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नेवच्या फोनवर कुणी बोलत नसे, नुसते फोन यायचे. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या खिडकीतून विटेचा तुकडा आत आला. त्यानं ग्लेनिसला फोन केला, तोवर दोघं बोलत नव्हते. ती टॅक्सी करून गेली. तो काचांमध्ये बूट घालून उभा होता, आणि बोटीवर न्यायची ती जुनी कापडी थैली त्यानं आधीच भरून ठेवली होती.

"तुझ्याकडे येऊ?" त्यानं विचारलं.

"बस गाडीत."

आता तो तिच्या मागच्या खोलीत राहतो. पहिले काही दिवस त्यानं तिच्याकडे बघून बोलणं टाळलं, आणि तिनंही त्याला काही विचारलं नाही. तिला आतून राग यायचा, आणि त्याच्या पाठीकडे पाहिलं की तो राग कुठे ठेवावा कळत नसे. एकदा भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "त्या दिवशी तू आली नसतीस, तरी शुक्रवारच्या आधी मी तुला सांगितलं असतं गं."

"आणि फिलिपाला?"

बशी पुसून झाली होती तरी तो पुसत राहिला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बातम्यांत सांगितलं, बाहेर पडायची तारीख पुन्हा पुढे गेली, आता ऑक्टोबरअखेर. ग्लेनिस बटाटे सोलत होती. नेवनं उठून टीव्हीचा आवाज कमी केला.

"सहा महिने अजून," तो म्हणाला.

"हो."

तेवढ्यात दारावर थाप पडली. भर दुपारची वेळ होती, बाहेर ऊन होतं, पलीकडच्या अंगणात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. दोघंही जागचे हलले नाहीत. पुन्हा थाप पडली, जरा जोरात. नेवनं हळूच हात पुढे करून तिच्या हातातली सोलायची सुरी काढून घेतली आणि खणात ठेवली.

"तू थांब," ग्लेनिस म्हणाली. "मी बघते."

शेजारच्या मिसेस ओक्स होत्या. पोस्टमननं चुकून त्यांच्याकडे टाकलेलं पार्सल घेऊन आल्या होत्या. गुडघेदुखीबद्दल बोलत त्या पाच मिनिटं उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. ग्लेनिस हो ला हो म्हणत होती, आणि त्यांच्या खांद्यावरून रस्त्यावरच्या गाड्या मोजत होती.